लहान कपाट बंद होतं

पुण्यात मी माश्या मोजायला आले, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कुणाला धडपणे सांगता आलं नाही. अकोल्याकडच्या आमच्या लहानशा गावात ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोरगी पुण्याला संशोधन करते." कसलं, असं पुढे विचारलं, की "शास्त्राचं" म्हणून विषय बदलायचे. रविवारी सकाळी मी कर्वेनगरच्या एसटीडी बूथवरून फोन केला, की मात्र आवाज खाली करून विचारायचे, "काऊन बाई, अजून माश्याच मोजून राहिली का?"

"हो बाबा."

"कम्प्युटरचं काही पाहून राहिली का?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि अख्खं पुणं कम्प्युटरचं काही पाहत होतं. सदाशिव पेठेत जिथे इंग्रजी टायपिंगच्या पाट्या होत्या, तिथे रातोरात कोबोल आणि सीच्या पाट्या लागल्या होत्या. माझी खोलीतली मैत्रीण वनस्पतिशास्त्राची पदवीधर. सहा महिन्यांचा कोर्स करून ती हिंजवडीला नोकरीला लागली होती. कंपनीची बस तिला न्यायला यायची, आणि त्याच वेळी मी कालच्या चपात्या डब्यात भरून सायकल काढायचे. ती खिडकीतून हात करायची. तिच्या मनात कुचेष्टा नसायची, पण मला ती दिसायची.

मला हव्या होत्या त्या माश्याच होत्या. पहिल्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांनी मला काचेची एक नळी दाखवली. कापसाचा बोळा, तळाशी मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, आणि तीळभर आकाराच्या वीस-पंचवीस माश्या. पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात त्याच. सरांनी ती नळी कोमट पाण्याच्या भांड्यात धरली. पाणी तीस अंशांच्या जवळपास. काही क्षणांत माश्या काचेवरून घसरल्या, पाय आखडले आणि तळाशी पडून राहिल्या. माझ्या तोंडून "मेल्या!" असं निघालं. सरांनी नळी बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत बसले. दोन मिनिटांत एक माशी उठली, मग दुसरी, मग सगळ्या. पुन्हा काचेवर चढायला लागल्या.

"एका जनुकात एका अक्षराची चूक आहे," सर म्हणाले. "गारव्यात ती चूक कुणालाही दिसत नाही. ऊब वाढली की त्या जनुकाचं प्रथिन काम सोडतं. आता ही ऊब मोठ्या माशीला न देता कोषातल्या माशीला दिली, अंगाची जुळणी चाललेली असताना, तर काय होईल?"

मला माहीत नव्हतं. सरांनी भिंगाखाली दाखवलं. एका माशीच्या लाल डोळ्यावर उभा वण होता. एकीच्या पायाचे सांधे एकमेकांत चिकटले होते. एकीच्या पाठीवर राठ केस असतात तिथे गुळगुळीत टक्कल. चूक तीच, ऊबही तेवढीच, फक्त ती कोणत्या तासाला दिली त्यावर काय बिघडणार ते ठरत होतं. शरीर घड्याळ लावून स्वतःला घडवतं, आणि हे घड्याळ आपल्याला बाहेरून वाचता येतं! सरांनी मला तिथेच जिंकून घेतलं, आणि पुढे जे झालं त्यानंतरही मला हे नाकारता येत नाही.

माझं काम सरळ होतं. प्रयोगशाळेत दोन इनक्युबेटर होते. सगळे त्यांना कपाटं म्हणायचे. लहान कपाट बावीस अंशांवर, मोठं एकोणतीसवर. माश्या लहान कपाटात वाढवायच्या. अळी हलायची थांबून पांढरी होते आणि तिचा कोष होऊ लागतो, तो तास म्हणजे शून्य. तिथून पुढे तास मोजायचे, ठरलेल्या तासाला नळी मोठ्या कपाटात न्यायची, ऊब द्यायची, परत आणायची आणि माशी बाहेर आली की बघायचं. माझ्याआधी एका विद्यार्थ्याने हेच करून पीएचडी मिळवली होती. पाठीचे केस कोणत्या तासांत जातात, हा त्याचा आणि सरांचा शोध परदेशी नियतकालिकात छापून आला होता. त्याची प्रत सरांच्या खोलीत काचेच्या चौकटीत होती. मला ते काम पुढे न्यायचं होतं, आणि सुरुवात म्हणून त्याचाच प्रयोग एकदा करून हात बसवायचा होता.

तो जुळेना. त्याच्या तासांना ऊब दिली की माझ्या माश्या धडधाकट बाहेर यायच्या, पाठभर केस घेऊन. केस जायचे ते त्याआधी जवळजवळ दहा तास. मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा वही घेऊन सरांकडे गेले.

सर एरवी मला 'तू' म्हणत. रागावले की 'आपण'.

"आपण पांढरा कोष ओळखता का?"

"हो सर. तुम्हीच शिकवलाय."

"मग आपल्याला घड्याळ कळत नसेल. अकोल्याला दहा तास मागे चालतं काय?"

शेजारी बसलेले दोघे हसले. मी वही उचलली आणि चौथ्यांदा केलं. चौथ्यांदाही तेच आलं.

माश्यांची लापशी करायला आमच्याकडे मावशी होत्या. मांजरी गावाहून बस बदलत सकाळी सातला यायच्या. मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर घालून ढवळायच्या आणि शेकडो नळ्यांत एकसारखी ओतायच्या. पंधरा वर्षं त्या हे करत होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या दिवशी मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसून माझं रडगाणं गात होते. मावशींनी ओतणं थांबवलं नाही.

"तुज्या आदीचे त्ये सायेब व्हते तवा बारकं कपाट बंदच व्हतं की," त्या म्हणाल्या.

"कुठलं बारकं?"

"ह्येच. थंडीभर बंद. मिस्त्री काय येईना. सायेबांच्या नळ्या तिकडं खिडकीपाशी टेबलावर असायच्या. मीच फडकं मारताना उचलून ठिवायची ना."

मी उठून खिडकीकडे गेले. तिचं एक दार नीट लागत नव्हतं. फटीतून हवा येत होती. पुण्याची डिसेंबर-जानेवारीची सकाळ मला माहीत होती. माशीचं घड्याळ गारव्यात मंद चालतं. बावीस अंशांना जे वीस तासांत होतं, त्याला सोळा-सतरा अंशांना कितीतरी जास्त वेळ लागणार. त्या विद्यार्थ्याने तास बरोबर मोजले होते, फक्त त्याच्या माश्या बावीस अंशांना नव्हत्या. मी त्याची जुनी नोंदवही काढली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तापमान लिहिलं होतं: बावीस, बावीस, बावीस. एकाच शाईत, एकाच तिरप्या वळणात. एकदाही साडेबावीस नाही.

मी आनंदाने सरांकडे धावले, हे आज लिहिताना नवल वाटतं. मला वाटलं होतं, कोडं सुटलं म्हणून त्यांनाही आनंद होईल. सरांनी सगळं ऐकलं. उठून दार लावलं.

"लापशी ढवळणाऱ्या बाईच्या आठवणीवर तू छापलेलं काम खोटं ठरवणार?"

"मी परत करून बघते म्हणतेय, सर."

"काही करायचं नाही. पाठीचा भाग सोड. पायांवर काम कर. आणि जिथे जुन्या तासांशी तुलना येईल तिथे जुळवून घे. दहा तासांनी कुणाचं काय बिघडतंय?"

"माशीचं बिघडतं," मी म्हणाले. उद्धटपणा करायचा नव्हता. खरंच तेवढंच सुचलं.

"आपण जाऊ शकता."

मी गेले ती थेट कार्यालयात. तिथल्या कारकुनांना म्हटलं, आमच्या विभागाच्या दुरुस्तीची जुनी फाईल बघायची आहे.

"कशाला?"

"वाचायला."

"वाचनालय समोरच्या इमारतीत आहे."

मी बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाईल टेबलावर आपटली. "इथेच वाचा. नेऊ नका. आणि बाकावर बसून उसासे टाकत जाऊ नका, लोकांना वाटतं आम्हीच छळतोय." फाईलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. लहान कपाटाचा कॉम्प्रेसर नोव्हेंबरात जळला आणि नवा बसला तो मार्चात. मधल्या काळातच त्या नोंदवहीत बावीस, बावीस लिहिलेलं होतं.

तो विद्यार्थी आता अमेरिकेत होता आणि माश्या सोडून सॉफ्टवेअरमध्ये गेला होता. मैत्रिणीने त्याचा ईमेल पत्ता शोधून दिला. सायबर कॅफेत बसून मी त्याला अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, जमेल तेवढं नम्र. चार दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं: हो, कपाट बंद होतं. मी तेव्हाच सरांना सांगितलं होतं, ते म्हणाले खोलीचं तापमान तेवढंच असतं. कृपया यात माझं नाव आणू नका.

त्या उत्तराची प्रत मी काढली नाही. मैत्रीण म्हणाली, "वेडी आहेस का? हा तर पुरावा आहे!" पण त्याने नाव आणू नका म्हटलं होतं, आणि मला कुणाच्या कबुलीवर जिंकायचं नव्हतं. प्रयोगाने सिद्ध होणारी गोष्ट होती. मी थंडीची वाट पाहिली.

मधल्या महिन्यांत मी सरांच्या सांगण्याप्रमाणे पायांवर काम केलं. मैत्रिणीने कंपनीत चार जागा निघाल्याचं सांगितलं, अर्ज आणून उशीवर ठेवला. बाबांनी फोनवर विनवलं. "सर नाराज आहेत म्हणतेस, मग कशाला भांडून राहिली? चांगली नोकरी मिळून राहिली तर घे ना बाई."

"बाबा, तुमच्या वर्गातला पोरगा बरोबर उत्तर लिहून आला आणि तुम्ही चूक म्हणून काट मारली, तर त्याने काय करावं?"

बूथवरचा बिलाचा आकडा पळत होता. "मले दाखवावं," बाबा म्हणाले, "मी मास्तर असलो तरी."

नोव्हेंबर संपताना मी नळ्यांचे दोन गट केले. अर्ध्या लहान कपाटात. अर्ध्या खिडकीपाशी, त्याच टेबलावर, मधे पाऱ्याचा तापमापक. दिवसभराच्या नोंदी मी करणार होते, पण सगळ्यात गार वेळ पहाटेनंतरची, आणि तेव्हा तिथे फक्त मावशी असायच्या.

"मला न्हाई जमायचं बाई, इंग्रजी आकडं."

"आकडे तेच आहेत मावशी. पारा जिथे थांबला, तिथली रेघ."

दोन दिवसांत त्या माझ्यापेक्षा बारकाईने वाचायला लागल्या. पारा दोन रेघांच्या मधे असला की मी जवळचा आकडा लिहायचे. मावशी "सोळा आन् अर्धा" लिहायच्या आणि पुढे सही करायच्या, प्रत्येक अक्षर सुटं. एका सकाळी मला म्हणाल्या, "येताना उसाच्या रानात दात वाजत व्हते. म्हनलं, आज माश्यांचं बी खरं न्हाई." त्या दिवशीची नोंद चौदा.

जानेवारीत निकाल हातात आला. कपाटातल्या माश्यांचे केस माझ्या तासांना गेले. टेबलावरच्या माश्यांचे केस गेले ते चौकटीतल्या लेखातल्या तासांना, थेट. मी भिंगावरून डोळा काढला. मावशींना हाक मारून त्यांना भिंगाखालची टकली पाठ दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "गरीब बिचारी."

फेब्रुवारीत विभागात माझं वार्षिक व्याख्यान होतं. पायांवर बोलायचं, असं सरांनी बजावलं होतं. मी पायांवर दहा मिनिटं बोलले. मग पुढची पारदर्शिका प्रोजेक्टरवर ठेवली: एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला टेबल. कुणावरही आरोप केला नाही. म्हटलं, छापलेला निकाल खरा आहे, पण तो बावीस अंशांचा नाही. तो पुण्याच्या थंडीचा आहे.

सर पहिल्या रांगेत होते. उठून उभे राहिले.

"टेबलाचं तापमान सकाळी कुणी नोंदवलं?"

"मावशींनी, सर. वहीत त्यांची सही आहे."

"म्हणजे झाडूपोछा करणाऱ्या बाईने." ते सभागृहाकडे वळले. "हा आपला डेटा."

दोन-तीन जण हसले.

"हो सर, त्यांनी. रोज, सातला, अर्ध्या अंशापर्यंत. लहान कपाट जळलेलं असताना बावीस कुणी नोंदवलं, ते तुम्ही सांगता का?"

हसणं थांबलं. सर आपली वही उचलून बाहेर गेले. मागच्या रांगेत शेजारच्या विभागातल्या एक बाई बसल्या होत्या, करड्या केसांच्या, फारशा कुणाशी न बोलणाऱ्या. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "टेबलावरच्या नळ्या किती होत्या?" जणू काही घडलंच नव्हतं. मी आकडा सांगितला आणि व्याख्यान पुरं केलं.

किंमत पहिल्यांदा मावशींनी मोजली. आठवड्याच्या आत त्यांची बदली वसतिगृहाच्या खानावळीत झाली. मी रडत त्यांच्याकडे गेले. त्या कणीक मळत होत्या.

"माझ्यामुळे झालं मावशी."

"तुज्यामुळं कशानं? मी काय खोटं लिवलं व्हतं व्हय?" त्यांनी परात बाजूला सरकवली. "परत इचारलं तरी सोळा आन् अर्धाच सांगीन. हितं काम जास्त हाय, पन येक बरं हाय, पोरी जेवताना बोलत्यात. माश्या बोलत न्हवत्या."

मला सरांनी कागदावर लिहून दिलं, की यापुढे ते मार्गदर्शन करू शकत नाहीत. मागच्या रांगेतल्या बाईंकडे मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी समोरच्या कागदावरून मान वर केली नाही. "माझ्याकडे एकच कपाट आहे. पण चालतं. उद्यापासून या." त्यांनी मला कधीही 'तू' म्हटलं नाही, आणि त्यांचं 'तुम्ही' रागाचं नव्हतं.

राहिल्या माश्या. सर म्हणाले, माश्या प्रयोगशाळेच्या आहेत, हलणार नाहीत. त्या माश्या परदेशातल्या एका प्रयोगशाळेने टपालाने नुसत्या मागितल्यावर पाठवल्या होत्या. अशा माश्या कुणाच्याच मालकीच्या नसतात आणि मागेल त्याला द्यायच्या असतात, हेही मला सरांनीच शिकवलं होतं. मी त्यांना चिठ्ठी लिहिली: उद्या सकाळी साडेनऊला बारा नळ्या नेते आहे, बाकीच्या सगळ्या जागेवर आहेत. लपूनछपून न्यायच्या नव्हत्या.

एप्रिल होता. मैत्रिणीने त्या दिवशी कंपनीची बस सोडली आणि स्कूटर आणली. मी नळ्या ओल्या पंचात गुंडाळून मांडीवर घेतल्या. सर दारात उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. रस्त्यात सिग्नलला उन्हात थांबलो तेवढ्यात पंचा सुकला, आणि बाईंच्या खोलीत पोहोचून उघडलं तर बाराही नळ्यांत माश्या तळाशी आडव्या.

"मेल्या गं," मैत्रीण म्हणाली.

"थांब," मी म्हणाले. पंखा लावला. एक उठली, मग दुसरी. मैत्रीण खुर्चीवर उलटी बसून बघत राहिली. पहिल्यांदाच तिने मला माझ्या कामाबद्दल नीट विचारलं, आणि कामावर अर्धा दिवस उशिरा गेली.

पीएचडीला माझं दीड वर्ष वाढलं. लेख छापून आला तो साध्या, कुणाच्या चौकटीत न जाणाऱ्या नियतकालिकात. आभारात मी मावशींचं पूर्ण नाव घातलं, तापमानाच्या नोंदींसाठी. तो अंक दाखवायला गेले तर त्यांनी स्वतःचं नाव बोटाने शोधलं आणि अंक देवघरात ठेवायचा म्हणून मागून घेतला. बाबांनी शाळेत शिक्षकांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्यानंतर फोनवर कम्प्युटरचा विषय निघाला नाही. मी पुढे इथल्याच एका महाविद्यालयात शिकवायला लागले आणि अजून शिकवते.

मध्यंतरी सरांचा गौरवग्रंथ निघायचा होता. माझ्याकडेही लेख मागितला. मी लिहिला, मनापासून. कोमट पाण्यातल्या नळीबद्दल लिहिलं, चष्मा पुसत दोन मिनिटं थांबण्याबद्दल लिहिलं, पांढरा कोष ओळखायला त्यांनी मला किती चिकाटीने शिकवलं ते लिहिलं. आणि लहान कपाटाबद्दलही लिहिलं. संपादकांचा फोन आला. फार सभ्य गृहस्थ.

"अहो, लेख उत्तमच आहे. फक्त मधली दोन पानं... त्यांचं आता वय झालंय."

"माझंही झालंय," मी म्हणाले.

"आपण समजून घ्या. ती दोन पानं काढली तर बाकी सगळं जसंच्या तसं छापू."

मी म्हटलं, मग सगळंच काढा. त्यांनी काढलं. ग्रंथाच्या प्रकाशनाचं निमंत्रण मात्र आलं, आणि मी गेले. तिसऱ्या रांगेत बसले, टाळ्या वाजवल्या, चहा घेतला. सरांनी मला ओळखलं. लेख का नाही दिलास, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "दिला होता, सर. लांब झाला." त्यांनी पुढच्या माणसाचा हार घेण्यासाठी मान वाकवली.